‘येतों’ म्हणून जाणारा अग्निबाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडला म्हणजे आग्नेय कोपऱ्यांत, अटलांटिक महासागरांत लोंबत असलेलें एक द्वीपकल्प दृष्टीस पडतें. तें फ्लॉरिडा संस्थान होय. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, साधारणपणें मध्यावर, भूमीचें एक टोंक दुमडलेल्या कोपराप्रमाणें समुद्रांत पुढें आलेलें आहे. त्यास केप कॅनाव्हेरल म्हणतात. हें नांव स्पॅनिश दर्यावर्द्यांनीं ठेविलेलें असून त्याचा अर्थ बोरूचें बन असा आहे. ज्या बोरूनें आपल्या पणजोबांनीं मोडीचे कित्ते गिरविले, त्याच्याच कुळांतल्या गवतावरून हें नांव पडलें हें कळल्यावर त्या परक्या भूमीविषयीं मला उगीचच आपलेपणा वाटूं लागला.

भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणें पाहिलें तर या टोंकाचे अक्षांश सुमारें साडेअठ्ठावीस उत्तर, म्हणजे जवळ जवळ आपल्या दिल्लीचेच. परंतु हवा दिल्लीची नव्हे, कोंकणची. जमीन सखल, वाळूची आणि जागोजाग पाणथळ. मुख्य भूमि व हें टोंक यांच्यामध्यें इंडियन रिव्हर आणि बनाना रिव्हर अशा दोन नद्या नकाशांत दाखविलेल्या असतात. पण त्या नांवाच्याच नद्या, वस्तुतः खाऱ्या पाण्याच्या लांबच लांब खाड्या. दोहोंच्या मधोमध मेरिट बेट आहे. त्याचा मोठा भाग पशुपक्ष्यांसाठीं राखून ठेविलेला असल्यामुळें एका अंगास मगरी ऊन खात पडलेल्या, आणि दुसऱ्या अंगास अग्निबाण उभे करून जोडण्यासाठीं बांधलेली पांचशें फुटांहून उंच इमारत, असें चमत्कारिक दृश्य तेथें दिसतें.

अग्निबाण सोडण्यास हीच जागा कां निवडली? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. या अक्षांशावर तिच्या पृष्ठभागाचा वेग ताशीं सुमारें नऊशें मैल आहे. पूर्वेकडे तोंड करून उडणाऱ्या अग्निबाणास हा वेग विनामूल्य मिळतो. शिवाय पूर्वेस अमर्याद समुद्र. कांहीं निखळून पडलें तरी तें कोणाच्या कौलांवर पडत नाहीं. आपलें श्रीहरिकोटा पूर्वसमुद्राच्या कांठीं आहे, तेंहि याच कारणांनीं.

माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त ऑर्लँडो शहरीं राहतात. तेथून हें टोंक सुमारें पन्नास मैल. सन २०२४ च्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे कांहीं आठवडे होतों, तेव्हां हा प्रदेश दोनतीनदां पाहण्याचा योग आला. त्याविषयीं चार शब्द वाचकांस सांगावे म्हणून हा प्रपंच.

येथून पहिला अग्निबाण २४ जुलै १९५० रोजीं उडाला. २० फेब्रुवारी १९६२ रोजीं जॉन ग्लेन येथूनच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १६ जुलै १९६९ रोजीं मेरिट बेटावरील ३९-अ या तळावरून चंद्रावर उतरणारीं पहिलीं माणसें निघालीं. या भागाच्या दूरध्वनीचा सांकेतिक क्रमांकहि ३२१ असा आहे. उड्डाणापूर्वींची उलट मोजणीच जणूं! परंतु या साऱ्या वैभवांत एक गोष्ट आपल्या काटकसरी मनास खटकल्यावांचून राहत नाहीं. चंद्रावर माणसें धाडणारा तो सॅटर्न अग्निबाण ३६३ फूट उंच होता. त्यांतून परत आली ती केवळ तीन माणसें बसण्यापुरती कुपी. बाकी सर्व कांहीं समुद्रांत किंवा अंतराळांत गेलें.

आपल्या घरांतला जुना नियम आठवावा. मातीचें भांडें विटाळलें कीं टाकून द्यावयाचें. तांब्यापितळेचें मात्र राखेनें घांसून, विस्तवावर तापवून पुन्हां वापरावयाचें. अग्निबाण उत्तमांतल्या उत्तम धातूचा. पण त्याचें जिणें मात्र मातीच्या मडक्याचें! पुढें १९८१ ते २०११ या तीस वर्षांत स्पेस शटल नांवाचें यान येथून उडत असे. त्याचा विमानासारखा भाग परत येई, बाजूचे दोन नळे छत्रीच्या आधारें समुद्रांत उतरत आणि जहाजें ते ओढून आणीत. मोठी टांकी मात्र प्रत्येक वेळीं नष्ट होई. अशीं १३५ उड्डाणें झालीं. १९८६ व २००३ सालच्या दोन अपघातांत चौदा जणांनीं प्राण गमाविले. ८ जुलै २०११ रोजीं शेवटचें उड्डाण झालें, आणि खाडीपलीकडच्या टायटसव्हिल गांवांतील व आसपासच्या हजारों लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

याच पडत्या काळांत एका खासगी कंपनीचा अग्निबाण शेजारच्या ४० क्रमांकाच्या तळावरून उडूं लागला होता. कंपनीचें नांव स्पेसएक्स. इलॉन मस्क या गृहस्थांनीं ती २००२ सालीं स्थापिली. तिचे पहिले तीन लहान अग्निबाण प्रशांत महासागरांतील एका बेटावरून सोडले, ते तिन्ही फसले. चौथा २८ सप्टेंबर २००८ रोजीं यशस्वी झाला. त्यानंतरचा मोठा अग्निबाण म्हणजे फाल्कन ९. फाल्कन म्हणजे ससाणा. हें नांव एका चित्रपटांतील यानावरून घेतलें, असें म्हणतात. पण तें सार्थ मात्र झालें आहे. शिकारीवर सोडलेला ससाणा काम करून पुन्हां मालकाच्या मुठीवर येऊन बसतो.

हा अग्निबाण सुमारें २३० फूट उंच, बारा फूट रुंद आणि इंधनासह साडेपांचशें टनांच्या आसपास वजनाचा. इंधन म्हणजे शुद्ध केलेलें रॉकेल, आणि तें जाळण्यास अतिशय थंड करून द्रवरूप केलेला प्राणवायु. त्याचे दोन मजले आहेत. खालच्यास नऊ एंजिनें, वरच्यास एक. खालचा मजला अडीच मिनिटांत ओझें चाळीस मैलांवर नेतो आणि सुटतो. पुढील मार्ग वरचा मजला आक्रमितो. एकंदर किंमतीचा निम्म्याहून अधिक भाग खालच्या मजल्यांतच असतो, असें कंपनी सांगते. म्हणून परत आणावयाचा तो हाच.

आपल्याकडे घराबाहेर पडतांना ‘जातों’ म्हणत नाहींत, ‘येतों’ म्हणतात. लहान मूल चुकून ‘जातों’ म्हणालें तर आजी तेथल्या तेथें शब्द सुधारून घेते. साठ वर्षें सर्व अग्निबाण ‘जातों’ म्हणून गेले. ‘येतों’ म्हणून जाण्यास या ससाण्यास शिकविणें हें किती कष्टाचें झालें, तें त्याच्या उड्डाणांचा पट वाचला म्हणजे कळतें. मी जन्मभर हजेरीपट भरले, त्यामुळें हा पट मला मोठा मनोरंजक वाटला.

पहिलें उड्डाण ४ जून २०१०. त्या वर्षीं दोन उड्डाणें. २०११ सालीं एकहि नाहीं. २०१२ त दोन, २०१३ त तीन, २०१४ त सहा. २५ मे २०१२ रोजीं त्यानें नेलेली ड्रॅगन ही कुपी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकास जोडली गेली. खासगी यानानें तेथें पोंचण्याची ती पहिलीच वेळ. २८ जून २०१५ रोजीं मात्र उड्डाणानंतर १३९ सेकंदांनीं अग्निबाण आकाशांतच फुटला. प्राणवायूच्या टांकींत हेलियमची कुपी धरून ठेवणारा एक आधार तुटला होता. १ सप्टेंबर २०१६ रोजीं तर इंधन भरतांना तळावरच स्फोट होऊन अग्निबाण आणि त्यावरील उपग्रह दोन्ही भस्मसात् झाले.

हे झाले जाण्याचे अपघात, येण्याचे निराळेच. प्रथम छत्र्या लावून पाहिल्या, त्या टिकल्या नाहींत. मग एंजिनें पेटवून उभ्यानें उतरण्याचा प्रयत्न सुरू झाला. समुद्रांत निर्मनुष्य तराफा उभा करावयाचा आणि त्यावर चौदापंधरा मजली इमारतीएवढा नळा नेमका उतरवावयाचा. १० जानेवारी २०१५ रोजीं दिशा देणाऱ्या पंखांचें तेल संपलें आणि नळा तराफ्यावर आदळला. १४ एप्रिलला तो उतरला, पण कलंडून फुटला. १७ जानेवारी २०१६ रोजीं नीट उतरला, परंतु एका पायाची कडी बसली नाहीं आणि आडवा झाला. यांच्या दरम्यान, २१ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं, अकरा उपग्रह सोडून आलेला खालचा मजला केप कॅनाव्हेरलच्याच जमिनीवर सरळ उभा राहिला. ती जागा म्हणजे पूर्वीचा १३ क्रमांकाचा तळ. तेथून एके काळीं युद्धाचीं अस्त्रें परीक्षेसाठीं सोडीत. जेथून केवळ जाणेंच ठाऊक होतें, तेथें पहिलें येणें घडलें. ८ एप्रिल २०१६ रोजीं समुद्रांतला तराफाहि साधला.

हें उतरणें इतकें कठीण कां, तें थोडक्यांत सांगतों. सुटल्यावर नळा नत्रवायूच्या फवाऱ्यांनीं आकाशांत उलटा फिरतो. दाट हवेंत शिरतांना तो जळूं नये म्हणून तीन एंजिनें क्षणभर पेटवून वेग कमी करितात. मग जाळीदार चार पंख त्यास वळण देतात, आणि शेवटीं एकच एंजिन पेटतें. गंमत अशी कीं, रिकाम्या झालेल्या नळ्यास हें एक एंजिन मंद केलें तरी अधिकच होतें. त्यामुळें तो हवेंत घटकाभर थबकून जागा पाहूं शकत नाहीं. एंजिन लवकर पेटलें तर तो पुन्हां वर जाऊं लागेल. उशिरां पेटलें तर आदळेल. उंची शून्य होणें आणि वेग शून्य होणें हीं दोन्ही एकाच क्षणीं घडलीं पाहिजेत. दुसरी संधि नाहीं.

आम्हीं पाहिलेलें उड्डाण रात्रीं नऊच्या सुमाराचें. आदले दिवशीं तें वाऱ्यामुळें पुढें ढकललें होतें, म्हणून सौ.ला दुसऱ्या खेपेस येण्याचा फारसा उत्साह नव्हता. पण नातीनें तिला ओढून आणलें. टायटसव्हिलच्या बाजूस खाडीकांठीं शेंदोनशें माणसें घडीच्या खुर्च्या टाकून बसलीं होतीं. पलीकडे बारातेरा मैलांवर काळोखांत एकाएकीं नारिंगी उजेड फांकला. खाडीचें सारें पाणी उजळलें, पाणपक्षी कलकलत उठले. आणि तरी कसलाहि आवाज नाहीं. “आजोबा, तो मुका आहे का?” नातीनें विचारलें. “थांब, मनांत साठपर्यंत मोज,” मी म्हणालों. ती अठ्ठावन्नवर असतांना आवाज आला. प्रथम दूरच्या गाडीसारखा, मग छातींत शिरणारा, फाटलेला, जड. ध्वनीचा वेग जन्मभर खडूनें फळ्यावर शिकविला. तो असा अंगावर येईल असें वाटलें नव्हतें. आणखी कांहीं मिनिटांनीं दूर क्षितिजापाशीं एक बारीक ठिणगी पुन्हां पेटली आणि विझली. “तो परत येतो आहे,” जावईबापू म्हणाले.

परंतु खरें पाहण्यासारखें चार दिवसांनीं पाहिलें. तराफा समुद्रांत कित्येक शें मैल दूर असतो. नळा त्यावर बांधून ओढनौकेनें पोर्ट कॅनाव्हेरल बंदरांत आणितात. बंदराच्या तोंडाशीं मासे धरण्याचा लाकडी धक्का आहे, तेथें आम्ही उभे होतों. सकाळच्या धुक्यांतून तो काळपट खांब हळूहळू वर आला. नवा असतांना हा अग्निबाण शुभ्र असतो. आतां त्याची खालची बाजू चुलीवरच्या तपेल्यासारखी काजळलेली होती. वरच्या भागांत थंडगार प्राणवायु असल्यामुळें बाहेर हिमाचा थर धरतो आणि काजळी तितकी बसत नाहीं. म्हणून तो भाग उजळ राहतो. हें काजळ पुढील उड्डाणापूर्वीं सर्व धुऊन काढीत नाहींत. आपल्या घरीं बाहेरून काळें झालेलें तपेलें आंतून स्वच्छ असलें कीं गृहिणी स्वैंपाकास घेतेच कीं! सौ. इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “उडतांनापेक्षां हेंच मला बरें वाटलें. घरीं आलेला दिसतो.”

तराफ्यांचीं नांवेंहि चमत्कारिक; इयान बँक्स या स्कॉटिश लेखकाच्या कादंबऱ्यांतून घेतलेलीं. एकाचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘नुसत्या सूचना वाच.’ चाळीस वर्षें हें वाक्य मीं परीक्षेच्या दालनांत कितीदां उच्चारलें असेल!

धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. शटलच्या काळांत ते येथें यंत्रकामावर होते असें बोलण्यांत आलें. मीं त्यांना म्हटलें, “आपलेंहि यान परत येतच होतें, मग यांनीं नवें तें काय केलें?” ते किंचित् हंसले आणि म्हणाले कीं, समुद्रांतून आणलेले ते बाजूचे नळे आम्ही सुटे सुटे करून, पुन्हां भरण्यास रेल्वेनें दूर यूटा संस्थानांत धाडीत असूं. परत येणें निराळें, आणि पुन्हां निघण्यास तयार असणें निराळें. हें भेदाचें मर्म मला फार पटलें. शटलपैकीं एकच यान पुन्हां सोडण्यास लागलेला कमींत कमी काळ ५४ दिवसांचा, तो १९८५ सालचा. या अग्निबाणाच्या एका नळ्यानें २०२० सालीं तो ५१ दिवसांवर आणला. आणि मार्च २०२५ मध्यें दुसरा एक नळा नऊ दिवसांनीं पुन्हां उडाला.

त्या ५१ दिवसांच्या नळ्याची कथा सांगण्यासारखी आहे. त्याचा पटावरील क्रमांक १०५८. ३० मे २०२० रोजीं त्यानें डग हर्ली व बॉब बेन्केन या दोघांना ३९-अ वरून अंतराळांत नेलें. शटल बंद पडल्यानंतर नऊ वर्षांनीं अमेरिकेच्या भूमीवरून माणसें वर जाण्याचा तो पहिला प्रसंग. पुढें त्यानेंच कोरियाचा उपग्रह नेला, अंतराळस्थानकाचें सामान नेलें, जानेवारी २०२१ मध्यें एका खेपेस १४३ लहान उपग्रह नेले. २३ डिसेंबर २०२३ रोजीं एकोणिसावी फेरी करून तो तराफ्यावर व्यवस्थित उतरला. परंतु बंदराच्या वाटेवर वादळी वाऱ्यांत आणि लाटांत कलंडला. त्याचा अर्धामुर्धा अवशेष बंदरांत आला. एकोणीस वेळां आकाशांतून उतरलेला तो नळा अखेर घराच्या वाटेवर पडला, हें ऐकून मन क्षणभर चुकचुकतें. इतर नळे त्याच्याहि पुढें गेले. १०६७ क्रमांकाच्या नळ्यानें ऑगस्ट २०२५ मध्यें तिसावें उड्डाण केलें.

वापरलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावयाचा कीं नाहीं, हा खरा प्रश्न. ३० मार्च २०१७ रोजीं एका उपग्रह कंपनीनें आपला मौल्यवान उपग्रह प्रथमच एकदां उडून आलेल्या नळ्यावर ठेविला. २३ एप्रिल २०२१ रोजीं चार अंतराळवीर अशा नळ्यावर बसून गेले. विश्वास हा असा पायरीपायरीनें मिळाला. आपल्या देशाचाहि त्याशीं संबंध आला. नोव्हेंबर २०२४ मध्यें ४,७०० किलो वजनाचा आपला जीसॅट-एन२ उपग्रह केप कॅनाव्हेरलहून फाल्कननेंच नेला. कारण तेवढें वजन त्या कक्षेंत नेण्याचें सामर्थ्य आपल्या त्या वेळच्या अग्निबाणांत नव्हतें. २५ जून २०२५ रोजीं ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ल ३९-अ वरून निघाले. त्यांच्या खालचा नळाहि पूर्वीं एकदां उडालेला होता. १५ जुलैला ते सुखरूप परतले. सुनीता विल्यम्स दुसऱ्या कंपनीच्या यानांतून जून २०२४ मध्यें गेल्या, आणि त्या यानांतील दोषामुळें नऊ महिने वरच राहून १८ मार्च २०२५ रोजीं स्पेसएक्सच्या कुपींतून उतरल्या. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघर त्यांची वाट पाहिली जात होती. ‘येतों’ या शब्दाची किंमत तेव्हां सर्वांस कळली.

गुणांबरोबर दोषहि सांगितले पाहिजेत. वरचा मजला अद्याप प्रत्येक वेळीं नष्ट होतो; तेव्हां हें मडकें अर्धेंच तांब्याचें झालें आहे. जुलै २०२४ मध्यें याच मजल्यांत प्राणवायु गळून एक खेप वायां गेली. उड्डाणें मात्र २०२२ सालीं ६०, २०२३ त ९१ आणि २०२४ त १३२ अशीं वाढलीं. त्यांपैकीं पुष्कळ उड्डाणें कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांसाठीं होतात. त्यांच्या चकाकणाऱ्या रेघा दुर्बिणींतून घेतलेल्या चित्रांवर उमटतात अशी ज्योतिःशास्त्रज्ञांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. जाणें स्वस्त झालें म्हणून आकाशांत गर्दी करावी कीं काय, याचा विचार पुढच्या पिढीस करावा लागेल. तसेंच पृथ्वीवरील इतक्या ओझ्याची वाहतूक एकाच कंपनीच्या हातीं असणें हेंहि चिंतेचें आहे.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज त्या देशांत आहेत. तींहि विमानतळावर ‘येतों’ म्हणूनच गेलीं. केव्हां येतील हें त्यांचें त्यांना ठाऊक. त्यांच्याकडे जाण्याचा योग आला आणि फ्लॉरिडा जवळ असलें, तर हा प्रदेश अवश्य पाहावा. उड्डाण हटकून पुढें ढकललें जातें, म्हणून एक दिवस हाताशीं राखावा. मेरिट बेटावर डांस फार. अंगभर वस्त्र असावें. आणि उड्डाण पाहून लगेच परतूं नये. तीनचार दिवसांनीं सकाळीं बंदराच्या धक्क्यावर जावें. उडतांना त्यास सारें जग पाहतें. काजळलेल्या अंगानें तो घरीं येतो, तेव्हां धक्क्यावर चार कोळी आणि दोनतीन म्हातारीं माणसें असतात. त्यांत आपणहि असावें.